जीप इंजिनाचे टायमिंग बसवणे

टायमिंग बसवणे : इंजिन खोलून पुन्हा बांधताना क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि ठिणगी यांचा एकमेकांशी मेळ घालण्याचे काम. डिझेल इंजिनात ठिणगीच्या जागी पंपाची फवारणी येते. खानदेशात सातपुड्याच्या धडगाव-अक्कलकुवा भागात, तोरणमाळच्या वाटेवर आणि रावेर-यावलच्या केळीच्या शिवारात जुन्या जीपगाड्या अजून चालतात. त्यांचे इंजिन घरच्या अंगणात बांधले जाते तेव्हा बाकी सगळे नीट बसूनही गाडी चालू होत नाही किंवा चढावर दम सोडते. अशा वेळी दोष बहुधा टायमिंगचा असतो.

ही नोंद मुख्यतः विलीस घराण्यातल्या ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. चार सिलिंडरचे हे इंजिन २१९९ सीसीचे. त्याचा इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये, तर एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये असतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२. टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप थंड इंजिनावर इनटेकला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच, पॉइंटचा (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचा) गॅप ०.०२० इंच, प्लगचा ०.०३० इंच. ठिणगी टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या, ५ अंश आधी. हेच आकडे दुसऱ्या इंजिनाला लावू नयेत.

सर्वांत आधी खरा टीडीसी शोधावा. पुली किंवा टायमिंग कव्हर कधी बदलले असेल तर त्यावरच्या खुणेवर भरवसा नको. पिस्टन वरच्या टोकाला आला की क्रँक काही अंश फिरली तरी तो हललेला जाणवत नाही, म्हणून प्लगच्या भोकात सळई धरून काढलेला टीडीसी चुकतो. त्याऐवजी जुन्या प्लगची चिनीमाती काढून त्यात बोथट बोल्ट पक्का बसवावा आणि हा अडसर १ नंबरच्या भोकात फिरवावा. क्रँक हाताने सावकाश फिरवून पिस्टन अडसराला टेकला की पुलीवर खूण करावी, मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे टीडीसी. त्यापासूनचे अंश मोजायला पुलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून परीघ घ्यावा. परिघाचा ७२ वा भाग म्हणजे ५ अंश. परीघ ४५० मिमी भरला तर ५ अंशांना ६.२५ मिमी. हा अडसर काढायला विसरून क्रँकला जोर दिला तर पिस्टनच्या माथ्याला खड्डा पडतो.

क्रँकच्या गिअरवरची आणि कॅमच्या गिअरवरची खूण समोरासमोर आणून दाते गुंतवावेत. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे खुणा क्रँकच्या दर दोन फेऱ्यांनी समोरासमोर येतात. एक दात चुकला तर किती बिघडते? क्रँकच्या गिअरला २५ दाते धरले तर एक दात म्हणजे १४.४ अंश. या इंजिनात इनटेक टीडीसीच्या ९ अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट १२ अंश नंतर मिटतो. एवढ्या अरुंद मापात १४ अंशांची चूक खपत नाही. गाडी चालू होईलही, पण आयडल लागणार नाही, म्हणजे रेस सोडली की इंजिन नीट चालणार नाही. कॅमचा गिअर फायबरचा असेल तर हातोडीने ठोकू नये, दाताच्या मुळाशी न दिसणारी चीर जाते. गिअरवर तेल उडवणारे बारीक भोक तारेने साफ करून हवा मारावी. ते बुजले की नवा फायबर गिअरही लवकर झिजतो.

घरी बांधणाऱ्याचे हमखास चुकते ते पुढे, तेलपंपापाशी. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग, गॅरेजच्या भाषेत डेलको) थेट कॅमवरून फिरत नाही. कॅम तेलपंप फिरवते आणि पंपाच्या शाफ्टच्या खाचेत डेलकोची जीभ बसते. खाच मध्यापासून थोडी सरकवलेली असते, त्यामुळे जीभ एकाच बाजूने बसते. म्हणजे तेलपंप ज्या दातात बसला त्यावर रोटरचे (डेलकोत फिरणाऱ्या, ठिणगी वाटणाऱ्या तुकड्याचे) तोंड ठरते. पंपाचा गिअर तिरक्या दातांचा असल्याने आत सरकताना शाफ्ट थोडा फिरतो. म्हणून इंजिन खोलण्याआधीच १ नंबर कॉम्प्रेशनच्या (दोन्ही व्हॉल्व्ह मिटून हवा दाबली जाते त्या टप्प्याच्या) टीडीसीला आणून रोटर आणि खाच कुठे पाहतात याचे फोटो घ्यावेत. बांधताना पंप आत ढकलून बॅटरीच्या उजेडात खाच पाहावी. जुळली नाही तर पंप काढून एक दात पुढे-मागे करून पुन्हा बसवावा. डेलकोची बॉडी फिरवून ही चूक झाकायला गेले की क्लॅम्पची जागा संपते.

कॉम्प्रेशनचा टीडीसी ओळखायला १ नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरावा, वर येणारा पिस्टन हवा बाहेर ढकलतो. त्याच वेळी ४ नंबरचा एक्झॉस्ट मिटत आणि इनटेक उघडत असतो. हे न पाहता वायरी लावल्या तर ठिणगी क्रँकच्या पूर्ण एका फेरीने चुकते आणि कार्बोरेटरमधून भडका येतो.

ठिणगी लावण्याआधी पॉइंटचा गॅप पक्का करावा, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलते. मग क्रँक समोरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवत कॉम्प्रेशनच्या टीडीसीआधीच्या ५ अंशांवर आणावी. पुढे गेली तर तेवढीच मागे आणू नये. पाव फेरी उलट जाऊन पुन्हा पुढे यावे, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा एकाच बाजूला राहतो. डेलकोच्या बारीक वायरीच्या टोकाला १२ व्होल्टचा बल्ब लावून दुसरे टोक गाडीच्या बॉडीला द्यावे आणि चावी चालू करावी. वरून पाहता रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. त्याच दिशेने डेलकोची बॉडी बल्ब विझेपर्यंत न्यावी, मग उलट, म्हणजे घड्याळाच्या दिशेने, सावकाश सरकवावी. बल्ब पेटला त्या क्षणी क्लॅम्प आवळावा. चावी फार वेळ चालू ठेवली तर कॉइल तापते. वायरी १-३-४-२ अशा घड्याळाच्या उलट क्रमाने लावाव्यात. इंजिन चालू झाल्यावर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) असेल तर जरूर वापरावा. रेस वाढवताना खूण हळूहळू लवकरच्या बाजूला सरकली पाहिजे. जागची हलली नाही तर डेलकोच्या आतली, ठिणगी लवकर आणणारी वजने अडकली आहेत, थरथरली तर शाफ्टचे बुश झिजले आहे. काळ्या मातीची बारीक धूळ आत शिरली की हे बुश लवकर जाते.

जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा गाडी तापली की आधी रेडिएटरवर संशय घेतला जातो. पण ठिणगी उशिरा पडत असेल तर जळण एक्झॉस्ट उघडेपर्यंत चालू राहते. या इंजिनात तो व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने उष्णता सरळ पाण्यात उतरते. अशा वेळी रेडिएटर दुरुस्त करण्याआधी टायमिंग तपासणे शहाणपणाचे. ठिणगी लवकर असेल तर चांदसैलीसारख्या घाटात भरलेली गाडी चढताना खणखण आवाज येतो. तो ऐकू आला की डेलकोची बॉडी १-२ अंशांपुरती उशिराच्या बाजूला न्यावी. तसेच चालवत राहिल्यास पिस्टनच्या माथ्याला भोक पडते.

डिझेल जीपमध्ये इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, असलेला) असेल तर स्पिल, म्हणजे डिझेलची धार थांबताना पाहण्याची, पद्धत वापरतात. पंपाच्या १ नंबरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हची (डिझेल बाहेर सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह काढून होल्डर परत लावावा, त्यावर वाकडी नळी बसवावी आणि रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारी पट्टी) पूर्ण फवारणीच्या बाजूला धरावा. हँडपंपाने डिझेल ढकलत क्रँक चालू दिशेने फिरवली की धार बारीक होत थेंबावर येते आणि थांबते. तिथे फवारणी सुरू होते. तो अंश त्या इंजिनाच्या मापाशी जुळवून पंप आवळावा. रोटरी पंपाला ही पद्धत चालत नाही, त्याच्या काही प्रकारांत प्लंजरची उचल डायल गेजने मोजावी लागते. फवारणी उशिरा झाली तर थंड इंजिनातून पांढरा धूर निघतो आणि ताकद कमी पडते. लवकर झाली तर कडक ठोका येतो.

पेट्रोल इंजिनात पहिल्या ५०० किमीनंतर पॉइंट पुन्हा पाहावेत. डेलकोच्या कॅमवर घासणारा पॉइंटचा नवा ठोकळा सुरुवातीला लवकर झिजतो, त्यामुळे गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि नीट लावलेले टायमिंग मागे जाते.