डॅशबोर्डवरचा चिकटा आणि नेलपॉलिश रिमूव्हर

डॅशबोर्डवरचा गणपती हलवला, की खाली डबल टेपचा काळपट चिकटा उरतो. तो नेलपॉलिश रिमूव्हरने पुसा, असं सांगणारे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. चिकटा जाईल न जाईल, डॅशबोर्डची मात्र वाट लागू शकते.

टेपचा गम म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. तो धड द्रव नाही, धड घन नाही. दाबला की पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरतो आणि उन्हात तापला की आणखी खोल उतरतो. वर्षं गेली की साखळ्या एकमेकींना जागोजागी जोडल्या जातात. असा गम कशातच पुरता विरघळत नाही, फक्त फुगतो. द्रावकाचे रेणू साखळ्यांमध्ये घुसून त्यांना दूर ढकलतात आणि खाचांमधली पकड सुटते. या घुसण्याला वेळ लागतो. थर दुप्पट जाड असेल, तर वेळ साधारण चौपट. म्हणून तेलात भिजवलेला कापूस चिकट्यावर ठेवून अर्धा तास दुसरं काम करावं. घासत बसू नये.

आता घुसणार कोण? ‘समानात समान विरघळतं’ हे आपण शाळेत शिकलो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जोएल हिल्डब्रँड यांनी त्याला आकडा दिला. द्रवाचे रेणू एकमेकांपासून सुटे करायला दर घनफळामागे किती ऊर्जा लागते ते मोजायचं आणि त्याचं वर्गमूळ घ्यायचं. ज्यांचे आकडे जवळ, त्यांचं जमतं. नैसर्गिक रबराचा आकडा साधारण 17, टर्पेंटाइनचाही तेवढाच, पाण्याचा 48. अनेक रिमूव्हरमध्ये असणाऱ्या अ‍ॅसिटोनचा 20. आणि गाडीच्या आतल्या भागांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एबीएस प्लास्टिकचा? जवळपास 19. म्हणजे रबरी गमापेक्षा अ‍ॅसिटोनचं प्लास्टिकशीच जास्त सूत जुळतं! टेपमध्ये वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या, अ‍ॅक्रिलिक गमाचा आकडा रबरी गम आणि एबीएस यांच्या मधे कुठेतरी पडतो, म्हणूनच तो जास्त छळतो. अर्थात आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे. पॉलिप्रॉपिलिन या दुसऱ्या प्लास्टिकचा आकडाही 17 च्या आसपास आहे, पण त्याच्या साखळ्या स्फटिकासारख्या रचून बसलेल्या असल्याने साध्या तापमानाला द्रावकाला आत फारसा शिरकाव मिळत नाही.

प्लास्टिकचं नुकसान लगेच दिसेलच असं नाही. साच्यात ओतून थंड होताना भागात ताण अडकून राहतो. द्रावकाने साखळ्या थोड्या सैल केल्या, की तो ताण बारीक तडे पाडत सुटतो. मीटरवरचं पारदर्शक आवरण अ‍ॅक्रिलिकचं किंवा पॉलिकार्बोनेटचं असतं. तिथे स्पिरिटसुद्धा नको. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड, बस.

लिंबाबद्दलही सांगायला हवं. गाडीला टांगलेल्या लिंबू-मिरचीने अपघात टळत नाहीत, पण लिंबाच्या सालीतलं लिमोनिन गम खरोखर फुगवतं. मात्र ‘नैसर्गिक’ लेबल पाहून बाटलीभर ओतू नका. हेच लिमोनिन थर्मोकोल विरघळवतं. संत्र्याची साल फुगवलेल्या फुग्यावर पिळून बघा, फुगा फटकन फुटतो.

डॅशबोर्डवर आधी हेअर ड्रायरने चिकटा जरा कोमट करावा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने जेवढा निघेल तेवढा खरवडावा. उरलेल्यावर खोबरेल तेल, पण आधी नजरेआडच्या कोपऱ्यात लावून पाहावं. शेवटी साबणाच्या पाण्याने तेल पुसून काढावं, नाहीतर त्यावर धूळ बसते. पेट्रोल गाडीच्या आत अजिबात आणू नये. त्याची वाफ बंद जागेत साठते आणि एका ठिणगीने पेटते.

काचेवरच्या फिल्मचा किंवा फास्टॅगचा गम सोपा, कारण हे द्रावक काचेत शिरतच नाहीत. तिथे स्पिरिट चालतं, ओल्या काचेवर तिरकं धरलेलं ब्लेडही चालतं. फक्त मागच्या काचेवरच्या आडव्या रेषांना ब्लेड लावू नका. दव घालवणाऱ्या त्या चांदीमिश्रित तारा काचेच्या आतल्या बाजूवर छापलेल्या असतात, आणि एक तुटली की तेवढी पट्टी पावसाळाभर धुरकट राहते.