लिंबू चोळून मुरुमं जातात का?

"रात्री लिंबाचा रस चोळा, सकाळी मुरुमं गायब" हा फॉरवर्ड फार जुना आहे.

रसाने चेहरा कोरडा आणि ताणल्यासारखा लागतो, मग गुण आला असं वाटणं साहजिकच. पण मुरूम सुरू होतो केसाच्या मुळाशी. तिथे तेल आणि मृत पेशी अडकतात, जंतू वाढतात, सूज येते. वरचं तेल पुसल्याने आतला अडथळा सुटत नाही.

पीएच म्हणजे आम्लतेचं माप: आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट. त्वचेचा पीएच साधारण 5, लिंबाच्या रसाचा 2 ते 3. म्हणजे किमान शंभरपट आम्लता. खात्री करायची तर मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानातून पीएच पट्ट्या आणा आणि एक रसात बुडवा. सालीचा रस राहिलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे काळे डागही उमटतात. मुंबईच्या उन्हात हे नको.

बरेच मुरूम काही दिवसांत आपोआप बसतात, श्रेय मात्र लिंबाला! पुढचा एखादा नुसता सोडून पाहा.

हळद, कडुनिंबात जंतूंना रोखणारे गुण प्रयोगशाळेत दिसतात, हे खरं. पण घरी वाटलेल्या लेपात ते किती, कोण मोजणार? मुरुमं दुखरी असतील किंवा खड्डे पडत असतील, तर थेट त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.