उल्का घर्षणाने जळत नाही, मग पेटते कशाने?

डिसेंबर आला की आपल्या गोव्यात व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मेसेज हमखास फिरतात. एक म्हणजे विमानाएवढा लघुग्रह पृथ्वीच्या अगदी जवळून जाणार, आणि दुसरा मिथुन राशीकडून आल्यासारख्या दिसणाऱ्या उल्कांचा, म्हणजे मिथुन उल्कावर्षावाचा. पहिला लवकर आटपतो. खगोलवाल्यांच्या हिशोबात लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून 75 लाख किलोमीटरच्या आत आली तरी ती 'जवळ', आणि आपला चंद्र आहे 3 लाख 84 हजार किलोमीटरवर, तेव्हा शांतपणे झोपा.

दुसऱ्या मेसेजबद्दल मात्र मला भरपूर बोलायचंय, कारण त्यात नेहमी लिहिलेलं असतं की वातावरणाशी घर्षण होऊन उल्का जळते. शाळेत आपण सगळ्यांनी हेच लिहून मार्क घेतलेत, पण ते बरोबर नाही. मग कोणीतरी जाणकार सांगतो की घर्षण नव्हे, पुढची हवा दाबली जाऊन तापते. मोठ्या दगडाला हे लागू पडतं. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर साधारण 20 मीटरचा दगड सेकंदाला 19 किलोमीटर वेगाने आला, समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही, ती दाबली गेली, भयंकर तापली आणि दगड सुमारे 30 किलोमीटर उंचीवर फुटला. दीडेक हजार माणसं जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी.

पण डिसेंबरात आपण बघतो ते तांदळाच्या नाहीतर चण्याच्या दाण्याएवढे कण. ते 100 किलोमीटरच्या आसपास चमकायला लागतात, आणि तिथे हवा इतकी विरळ असते की एक रेणू दुसऱ्याला भेटायच्या आधी वीतभर मोकळा जातो. दाबायला तिथे हवा आहेच कुठे?

तिथे रेणू एकेकटा येऊन आदळतो. मिथुन उल्कांचा वेग सेकंदाला 35 किलोमीटर, म्हणजे एका सेकंदात जवळपास पणजीहून मडगाव. त्या वेगाने नायट्रोजनचा एक रेणू दाण्यावर आपटला की सुमारे 180 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा मिळते, आणि दगडातला अणू उपटून काढायला त्यातली थोडीशीच पुरते. अशा अगणित टकरा झाल्या की दाणा तापतो, वितळतो, त्याची वाफ होते. आता खरी मजा. सुटलेले अणूसुद्धा त्याच प्रचंड वेगात असतात, ते पुढच्या हवेवर आदळतात, त्यांचे इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतात आणि परत खाली येताना प्रकाश सोडतात. सोडियम पिवळा, मॅग्नेशियम हिरवा, कॅल्शियम जांभळट. म्हणजे आपल्याला दिसतो तो दाणा नाहीच, त्याच्याभोवतीचा चमकणारा वाफेचा ढग दिसतो, नाहीतर चण्याएवढी वस्तू 100 किलोमीटरवरून कशी दिसेल?

या उल्का ज्याच्यापासून आल्या तो फेथॉन, 1983 मध्ये सापडलेला पाच-सहा किलोमीटरचा लघुग्रह. तो सूर्याच्या इतक्या जवळ जातो की बुधाच्या अंतराच्या निम्म्याहूनही आत. तिथे सोडियम भाजून निघून जातं, म्हणून कित्येक मिथुन उल्कांच्या वर्णपटात, म्हणजे त्यांचा प्रकाश रंगारंगांत फोडून बघितला तर, सोडियमची पिवळी रेघ फिकी असते किंवा नसतेच! एका क्षणाच्या उजेडावरून त्या दाण्याचा भूतकाळ वाचता येतो, मला याहून सुंदर काही माहीत नाही. आणि आमच्याकडे अजून म्हणतात, तारा तुटताना दिसला की घरात कोणीतरी जातं. आकाशातला एकही तारा तुटलेला नसतो, मुलांना ही भीती घालू नका, त्यांना रात्री बाहेर न्या.

ऑगस्टचा ययाति उल्कावर्षाव आपला पावसात वाया जातो, पण 13-14 डिसेंबरला आभाळ बहुतेक वेळा मोकळं असतं. कळंगुट-बागाकडे लाइटांमुळे काही दिसणार नाही, सत्तरीत सुर्ल्याला किंवा काणकोणच्या बाजूला जा, अर्धा तास मोबाइल न बघता डोळे अंधाराला सरावू द्या. दुर्बीण नको, चटईवर आडवं पडून जमेल तेवढं आभाळ बघायचं. या उल्का मिथुन राशीतल्या पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या बाजूने आल्यासारख्या दिसतात, ते तारे रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतात, तेव्हा उल्का सगळ्यात जास्त दिसतात. 2026 ला तर चंद्रही मध्यरात्रीच्या आधीच मावळलेला असेल.