रेल्वे मॉडेलच्या डब्यांचे डिटेलिंग आणि वेदरिंग

कारखान्यातून आलेल्या मॉडेल डब्याला बारीक सुटे भाग बसवून तो खऱ्या डब्याच्या जवळ नेणे म्हणजे डिटेलिंग. त्यावर धूळ, काजळी, गंज, तेलाचे डाग, उन्हाने विटलेला रंग असा वापराचा राप चढवणे म्हणजे वेदरिंग. रेल्वे मॉडेलच्या छंदात ही कामे इंजिनांवर होतात, मालडब्यांवर होतात, तशीच प्रवासी डब्यांवर आणि रेलकारवरही (स्वतःचे इंजिन पोटात असलेल्या प्रवासी गाडीवर) होतात. पण प्रवासी डब्याची एक गोष्ट निराळी आहे: तो धुतला जातो. मालडबा वर्षानुवर्षे मळत राहतो आणि कुणी त्याच्याकडे पाहत नाही. प्रवासी डबा मात्र ठरावीक फेऱ्यांनंतर धुलाईला जातोच. म्हणून डब्याच्या वेदरिंगचे मर्म मळ फासण्यात नाही. धुऊनही जो मळ मागे राहिला तो, आणि जिथे राहिला तिथेच, दाखवता आला पाहिजे.

या नोंदीत ब्रिटिश रेल्वेचे मार्क-१ डबे आणि १९५० च्या दशकात आलेल्या तिथल्या डिझेल रेलकार मुख्यतः डोळ्यांपुढे आहेत. भारतीय डब्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॉडेल गाड्या बहुतांशी चकचकीत पत्र्याची खेळणी होती. प्रमाणशीर लहान मॉडेल १९३० च्या दशकात रुळली. ब्रिटनमध्ये ओओ (फुटाला ४ मिमी, म्हणजे सुमारे १:७६) आणि बाकी जगात एचओ (१:८७) ही प्रमाणे घरोघर पोहोचली. दोन्हींचा रूळ १६.५ मिमी रुंदीचा असतो. मॉडेल जुने, राबलेले दिसावे ही दृष्टी रुजवणाऱ्यांत अमेरिकेतील जॉन ॲलन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे त्यांनी उभारलेला एचओ लेआउट (रूळ आणि परिसरासह मांडलेला मॉडेल देखावा) त्यातल्या गंजक्या, कळकट, जिवंत वाटणाऱ्या दृश्यांमुळे गाजला. १९७३ मध्ये ते वारले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो लेआउट आगीत नष्ट झाला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयाने १९३० च्या आसपासचा ग्रामीण प्रदेश ४ मिमी प्रमाणात उभा केला. मूळचे ऑस्ट्रेलियाचे रॉय इंग्लंड हे त्याचे संस्थापक.

डिटेलिंग

मार्क-१ डबा १९५१ मध्ये आला. त्याची लांबी ६४ फूट ६ इंच, म्हणजे ओओ मॉडेलमध्ये सुमारे २५८ मिमी. एवढ्या लांबीत डोळ्याला सर्वांत आधी खटकते ती प्लास्टिकच्या अंगातच ओतलेली दाराशेजारची दांडी. तिची जाडी एक मिलिमीटर असली, तर खऱ्या डब्यावर ती ७६ मिमी जाडीची झाली, आणि अशी दांडी कुणाच्या मुठीत मावणार नाही. म्हणून ती धारदार पात्याने तासून काढतात, तिथे छिद्रे पाडतात आणि ०.३ ते ०.४५ मिमी जाडीच्या पितळी तारेची दांडी बसवतात. हे किचकट काम आहे. पण एका डब्यावर एकच सुधारणा करायची असेल, तर हीच करावी.

त्यानंतर नजर जाते दोन डब्यांमधल्या फटीकडे. कारखान्याचे कपलिंग (डबे एकमेकांना जोडणारा आकडा) वळणावर गाडी अडकू नये म्हणून डबे लांब ठेवते. त्यामुळे खऱ्या गाडीत एकमेकांना चिकटलेले दिसणारे जोडमार्गाचे (एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटेचे) पडदे मॉडेलमध्ये बोटभर अंतराने लोंबतात. वळणावर आपोआप लांबणारे आणि सरळ रुळावर जवळ येणारे कपलिंग ही अडचण दूर करते. पडदे काळ्या कागदाच्या चुण्या घालूनही करता येतात. जास्त खटाटोप डब्याच्या खालच्या अंगाला असतो: बॅटरीच्या पेट्या, डायनॅमो, व्हॅक्यूमचे सिलिंडर, ब्रेकचे दांडे, पायऱ्या. आत आसनांना त्या काळच्या कापडाचा रंग द्यावा आणि चार-दोन प्रवासी बसवावेत. प्रत्येक आसनावर माणूस बसवला की गाडी खोटी वाटू लागते.

खिडक्यांच्या काचांबाबत एक इशारा द्यायलाच हवा. सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लू, सुकताना वाफ सोडतो आणि ती पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धुके बनून बसते. ते पुसून जात नाही. काचांसाठी पांढरा पीव्हीए गोंद वापरावा. आपल्याकडचा फेव्हिकॉल त्याच जातीचा. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकले तर निघतोही.

मळ कुठे बसतो

इथे घाई करून चालत नाही. रंगाला हात लावण्याआधी फोटो पाहावे लागतात, तेही त्याच डब्याचे, त्याच काळातले. नेमके वर्ष ठरवल्याशिवाय वेदरिंगला आधार मिळत नाही.

मार्क-१ चे ब्रेक बिडाच्या ठोकळ्यांचे होते. ठोकळा चाकावर घासला की बिडाचा भुगा उडतो, हवेतल्या दमटपणाने तो गंजतो आणि तपकिरी-नारिंगी झाक असलेली पूड होऊन बोग्यांवर (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींवर), खालच्या सांगाड्यावर आणि बाजूंच्या खालच्या कडेवर बसते. डब्याचा खालचा भाग कारखान्यात काळा रंगवलेला असला तरी धावत्या डब्यात काळा क्वचितच दिसतो. मॉडेलवर मॅट काळा, चामड्यासारखा तपकिरी आणि थोडा गनमेटल (धातूची झाक असलेला गडद करडा) असे मिश्रण डब्यागणिक कमी-जास्त करत मारले की हा रंग जमतो. डिस्क ब्रेकच्या नंतरच्या डब्यांवर हा तपकिरी भुगा इतका नसतो. त्यांची धूळ राखाडीकडे झुकते.

बाजू यंत्राने धुतल्या जातात. उभे फिरणारे ब्रश पत्र्याचा सपाट भाग लख्ख करतात, पण दाराच्या मुठीमागे, बिजागऱ्यांभोवती, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यांत आणि पन्हळीखाली त्यांचे केस पोहोचत नाहीत. तिथे काळपट रेघ उरते आणि पावसाने तिचे ओघळ खाली येतात. ब्रिटिश धुलाईत ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण वापरत. त्याने मळ निघे, पण वर्षानुवर्षांच्या माऱ्याने रंगाची झिलईही जाई. डब्याची टोके, म्हणजे जोडमार्गाच्या दोन्ही अंगांचा पत्रा, या ब्रशांच्या वाट्याला येतच नाहीत. त्यामुळे बाजू मरून रंगाची (गडद तांबडी) आणि चकचकीत, तर टोक जवळजवळ काळे, असा डबा फोटोंत सर्रास दिसतो. नवशिक्या हात सगळीकडे सारखाच मळ फासतो, आणि तिथेच डबा फसतो.

टपाचे गणित आणखी वेगळे. वाफेच्या इंजिनामागे धावणाऱ्या डब्याच्या टपावर काजळीची पुटे चढत. इंजिनालगतच्या डब्यावर ती दाट असत. करड्या रंगाचा टप काही महिन्यांत काळपट होई. मार्क-१ चे अंग पोलादी असल्याने बाजूच्या पत्र्याच्या खालच्या कडेला, पाणी साचते तिथे, गंज फुगून रंगाचे पोपडे निघत. हे जुन्या डब्यावर दाखवावे. नुकत्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या डब्यावर दाखवू नये.

लावा आणि पुसा

डब्यांवर सर्वाधिक विश्वासाने वापरावी अशी रीत म्हणजे मळकट रंग सगळीकडे मारून लगेच पुसणे. आधी डबा सुटा करून काचा काढतात, साबणाच्या पाण्याने धुतात, रंग आणि डिकल्स (चिकटवायची अक्षरे-चिन्हे) झाल्यावर ॲक्रिलिक वॉर्निशचा थर देतात. तो पूर्ण सुकला की मातकट तपकिरी इनॅमल पातळ करून एअरब्रशने संपूर्ण बाजूवर फवारतात. काही मिनिटांनी, रंग जेमतेम बसल्यावर, व्हाइट स्पिरिटने (इनॅमल पातळ करणाऱ्या द्रावकाने) ओलसर केलेला चपटा ब्रश वरून खाली ओढतात. सपाट पत्रा स्वच्छ होतो, दाराच्या फटीत आणि मुठीमागे रंग अडकून राहतो, ब्रशच्या प्रत्येक ओढीबरोबर बारीक ओघळ उमटतात. खालचे वॉर्निश ॲक्रिलिक असल्याने व्हाइट स्पिरिट मूळ रंगाला धक्का लावत नाही, म्हणून न आवडलेली बाजू पूर्ण पुसून पुन्हा सुरू करता येते. या पद्धतीचे मोल असे की हात जे करतो तेच खऱ्या यार्डात धुलाईयंत्र करते. कारण तेच, म्हणून परिणामही तसाच दिसतो.

बाकीच्या रीती या मुख्य कामाच्या मदतीला असतात. ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिरवला की बोगीच्या स्प्रिंगा उठून दिसतात. रंगाची बारीक पूड टपावर आणि चाकांजवळ मऊ धुळीचा पोत देते. पण वर मॅट वॉर्निश फवारले की तिचा निम्मा परिणाम नाहीसा होतो, म्हणून ती गरजेपेक्षा थोडी जास्त लावावी. गडद रंग लहान मॉडेलवर खऱ्यापेक्षा जड भासतात. शुद्ध काळा टाळून त्यात करडा मिसळण्याची सवय याच अनुभवातून आली आहे. मॅट वॉर्निश काचेवर पडले तर ती दुधाळ होते, तेव्हा काचा सर्वांत शेवटी बसवाव्यात. फवारणी खिडकी उघडी ठेवून, मास्क लावूनच करावी.

संपूर्ण रेकचे (जोडलेल्या सगळ्या डब्यांचे) वेदरिंग एका बैठकीत, एकाच मिश्रणाने उरकू नये. खऱ्या गाडीत डबे वेगवेगळ्या वेळी कारखान्यात जाऊन येतात. एखादा नव्या रंगाचा, एखादा दोन-तीन वर्षे उन्हात भाजलेला, आणि शेजारी एखादा अजून जुन्या रंगसंगतीतला असतो. १९५६ नंतर ब्रिटिश डबे लाल-क्रीम रंगातून गडद मरून रंगात गेले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर निळ्या-करड्यात. या दोन्ही वळणांवर एकाच गाडीत जुने-नवे रंग एकत्र धावत होते.

रेलकार

रेलकारला इंजिन डब्याच्या फरशीखाली आणि चालक पुढे, त्यामुळे मळाच्या जागा बदलतात. ब्रिटिश रेल्वेच्या पहिल्या पिढीच्या डिझेल गाड्यांत, उदाहरणार्थ मेट्रो-कॅमेलच्या १९५६ ते १९५९ या काळात बांधलेल्या (पुढे क्लास १०१ म्हणून ओळखल्या गेलेल्या) गाड्यांत, धुराचे नळ बऱ्याचदा डब्याच्या आतल्या टोकाशी उभे वर टपापर्यंत जात. म्हणून तिथे टपावर मागे ओढलेला काजळीचा पट्टा आणि टोकावर धुराचा डाग हवा. तो एकसारखा काळा नसावा. मध्ये दाट आणि कडेला विरत गेलेला असावा. डिझेल भरण्याच्या तोंडाखाली तेलाचा ओघळ येतो. तो मॅट नसतो, चमकतो, म्हणून त्या एका ओघळावर शेवटी चकचकीत वॉर्निशचे बोट लावावे.

चालकाच्या काचेवरचा वायपरचा कमानदार स्वच्छ भाग हा रेलकारच्या तोंडाचा प्राण आहे. तो असा करतात: चिकटपट्टीतून वायपर जेवढा फिरतो तेवढी कमान कापून काचेवर चिकटवायची, तोंडावर आणि काचेवर पातळ धुळीचा हलका फवारा मारायचा आणि पट्टी उचलायची. वायपरचा आस नेमका कुठे आहे हे फोटोत पाहूनच कमान कापावी. आस खालून आहे की वरून, यावर तिचा आकार अवलंबून असतो. समोरचे पिवळे तोंड सुरुवातीच्या हिरव्या रंगसंगतीत नव्हते. आधी पुढे मिशांसारखे पट्टे होते, मग छोटा पिवळा चौकोन आला, मग संपूर्ण पिवळे तोंड. पिवळ्यावर मळ सर्वांत लवकर दिसतो, म्हणून इथे हात हलका ठेवावा.

जर्मनीतल्या दोन आसांच्या उर्डिंगर रेलबसवरही, विशेषतः व्हीटी ९८ वर, हेच तत्त्व लागू पडते. १५० अश्वशक्तीची दोन इंजिने असलेली ही लाल गाडी शाखामार्गांवर धावायची. एचओ मध्ये ती जेमतेम १६० मिमी भरते, त्यामुळे तिच्या अंगावरचा प्रत्येक डाग मोठा वाटतो.

भारतीय डबे

पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून बनलेल्या आयसीएफ डब्याची अंगाची लांबी २१.३ मीटर, एचओ मध्ये २४५ मिमी. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी रुंद आहे, म्हणजे एचओ मध्ये तो १९.३ मिमी हवा. बहुतेक मॉडेल मात्र १६.५ मिमी रुळावरच धावतात. चाके आत ओढलेली दिसतात. खालचा सांगाडा गडद रंगवून चाकांचे तोंड मातकट ठेवले की ही उणीव बरीच झाकली जाते.

आयसीएफ डब्यावर मळाचा नकाशा ब्रिटिश डब्यापेक्षा वेगळा आहे. आडव्या गजांच्या उघड्या खिडक्यांखाली चहाचे आणि पानाच्या पिंकेचे ओघळ असतात. दाराच्या दांड्यांभोवती हाताचा तेलकट काळेपणा असतो. लांब दांड्याच्या ब्रशने हाताने धुतलेल्या डब्यावर खिडक्यांच्या पट्ट्यापर्यंत उजळपणा दिसतो, त्याच्यावर पन्हळीलगत काळोख तसाच राहतो. शौचालयांच्या कोपऱ्यांखाली आणि दारांशी गंज सर्वांत आधी धरतो. जैव-शौचालये येण्यापूर्वीच्या डब्यांत खालच्या बोगीवरही शौचालयाच्या घाणीचे डाग पडत. जैव-शौचालयांची टाकी खाली बसवली की मॉडेलचा काळच बदलतो. पीओएचची, म्हणजे नियतकालिक दुरुस्तीची, तारीख टोकावर स्टेन्सिलने लिहिलेली असते. ती ताजी असेल तर डबाही ताजाच दिसला पाहिजे. एलएचबी (जर्मन आराखड्याच्या नव्या) डब्याचे अंग स्टेनलेस पोलादाचे आणि ब्रेक डिस्कचे. त्याच्या बाजूवर गंजाचे डाग काढणे चूकच. आयसीएफ पद्धतीचे डबे पेरांबूरला २०१८ च्या सुरुवातीला बनणे थांबले, त्यामुळे आज रंगवायचा आयसीएफ डबा वापरून जुना झालेलाच असणार. मुंबईच्या लोकलचे मॉडेल करणाऱ्याने टपावर पँटोग्राफच्या (वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या चौकटीच्या) भोवती घासण्यातून पडणारी काळी धूळ विसरू नये.

महाराष्ट्रात लोकांना हा छंद जवळून पाहायला मिळतो तो मुख्यतः पुण्यात कोथरूडला, भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या आणि १९९८ मध्ये सुरू झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयात.

वेदरिंग केलेल्या डब्याची किंमत हा संग्राहकांचा वादाचा मुद्दा आहे. पेटीतून न काढलेले मॉडेल विक्रीला चढे असते, मळवलेले बहुधा उतरते, कारण कारखान्याचा रंग पुन्हा येत नाही. दुर्मीळ जुन्या मॉडेलला म्हणूनच हात लावू नये. धावण्यासाठी घेतलेल्या डब्यावर मात्र हा संकोच बाळगण्याचे कारण नाही. तो टोकांना धरून उचलावा, कारण पुडीचा थर बोटांना लागतो. चाकांच्या रुळाला टेकणाऱ्या कडेवर रंग राहू देऊ नये. दिव्यांसाठी किंवा रेलकारच्या मोटरसाठी वीज तिथूनच घेतली जाते, आणि तो रंग राहिला तर दिवे लुकलुकतात, गाडी अडखळते.