पार्श्वभूमी : ‘एक्झॉटिक’ नेमकं कोणाला म्हणायचं?

देशी पोपट पिंजऱ्यात ठेवला तर गुन्हा, आणि शेजारच्या बंगल्यातला निळा-पिवळा परदेशी मकाव पोपट मात्र चालतो. असं का, हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची नजर मुळात देशी प्राण्यांवर होती, हे त्याचं उत्तर. परदेशी प्राण्यांची हौस तशी जुनीच. १६१२ मध्ये गोव्याहून मुघल दरबारात टर्की पक्षी पोचला, तेव्हा खुद्द बादशहाने आठवणींत त्याचं वर्णन लिहिलं आणि चित्रही काढून घेतलं. पण ती दरबारी हौस होती. बाजार खऱ्या अर्थाने बदलला तो १९९०-९१ मध्ये, देशी पक्ष्यांच्या व्यापारावर सरसकट बंदी आली तेव्हा. पोपट-मुनिया गेले, पण पिंजरे रिकामे राहिले नाहीत. बजरीगर, लव्हबर्ड, कॉकाटील होतेच; पुढे मकाव, इग्वाना, बॉल पायथन, मार्मोसेट माकडं आली. त्यांच्यासाठी होता तो फक्त सीमाशुल्क कायदा आणि आयात धोरण. म्हणजे विमानतळावर पकडला तर पकडला. एकदा घरात शिरला की ‘इथेच जन्मलाय’ एवढं म्हटलं की विषय संपला.

या पार्श्वभूमीवर जून २०२०, ऐन टाळेबंदीत, केंद्र सरकारची एक बहुचर्चित सूचना आली. तुमच्याकडे असा प्राणी असेल तर सहा महिन्यांत सरकारी पोर्टलवर जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. मुदतीनंतर मात्र परवाने दाखवावे लागतील. तीस हजारांवर लोकांनी घोषणा केल्या. मुदतीत घोषणा करणाऱ्यांच्या प्राण्यांचा उगम खोदू नये, असा अर्थ न्यायालयांनीही लावला. समर्थकांचं म्हणणं, आधी मोजल्याशिवाय नियंत्रण करणार कशाचं? त्यात तथ्य आहे. पण तस्करीतून आलेला आणि रीतसर आलेला प्राणी एका फटक्यात सारखेच पवित्र झाले, हेही खरंच. शिवाय नोंद झालेल्या जोडीची पिल्लंही नोंदीत येणार. मग बँकॉकहून ट्रॉली बॅगेत आलेलं पिल्लू आणि घरी अंड्यातून निघालेलं पिल्लू यांत फरक करायचा कसा? मुंबई विमानतळावरच्या जप्तीच्या बातम्या त्यानंतर थांबल्या नाहीत.

खरा गुंता शब्दाचा आहे. आपण ‘एक्झॉटिक’ म्हणतो ते परदेशी, वेगळं, दुर्मीळ अशा अर्थाने. त्या सूचनेत मात्र व्याख्या होती साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, तीन परिशिष्टांतल्या जिवंत प्राण्यांची. बजरीगर ऑस्ट्रेलियाचा, पण परिशिष्टांत नाही. कॉकाटीलही नाही. लव्हबर्डमध्ये तर गंमतच: गुलाबी चेहऱ्याचा वगळलेला, फिशर्स मात्र परिशिष्ट दोनमध्ये. म्हणजे एकाच पिंजऱ्यातल्या दोघांपैकी एकाचीच नोंद लागते. आफ्रिकन ग्रे पोपट २०१७ पासून परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वात कडक यादीत. आणि आपला देशी पोपट नेमका उलटा, करारातून वगळलेला, घरच्या कायद्यात संरक्षित. दुकानदार ‘एक्झॉटिकला परवानगी आहे’ म्हणतो तेव्हा तो यातला कुठला अर्थ धरतो, हे गिऱ्हाइकाने विचारायला हवं. सहसा कुणी विचारत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने साइट्सची यादी चौथी अनुसूची म्हणून थेट कायद्यात आली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले, पुन्हा सहा महिन्यांची मुदत, पुन्हा पोर्टल. सूचनेला कायद्याचं बळ मिळालं. व्याख्या मात्र तीच राहिली.

आणि या सगळ्या कागदांचा रोख एकाच गोष्टीवर: प्राणी कुणाकडे आणि कुठून आला. कसा राहतो, हा प्रश्न मागेच राहिला. इग्वाना दीड मीटरपर्यंत वाढतो आणि अतिनील प्रकाश मिळाला नाही तर त्याची हाडं ठिसूळ होतात. मकाव पन्नास वर्षं जगू शकतो, म्हणजे घेणाऱ्याच्या मुलांनाही तो सांभाळायचाय. २०१८ च्या नियमांनी पेट शॉपना नोंदणी लावली, पण प्राणी दुकानाबाहेर पडला की ते नियम तिथेच थांबतात. शुगर ग्लायडरचं बघा: रात्री जागणारा, कळपात राहणारा जीव, बरेचदा एकटाच विकला जातो. तो साइट्समध्ये नाही, म्हणून नोंदणीतही नाही. त्याच्यासाठी उरतो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. हलता येणार नाही इतका लहान पिंजरा हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये.