टपालाचे आडमार्ग आणि परतीची अडचण

सप्टेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला आणि शहराचे टपाल तुटले. उरले फक्त आकाश. २३ सप्टेंबरला ‘नेपच्यून’ हा फुगा पत्रांच्या थैल्या घेऊन शत्रूच्या डोक्यावरून पार झाला. मग ओस पडलेल्या रेल्वे स्थानकांत फुगे शिवण्याचे कारखाने निघाले, खलाशांना वैमानिक केले गेले. कागद हलका हवा म्हणून पत्राला चार ग्रॅमची मर्यादा घातली. वेढा उठेपर्यंत साठाहून अधिक फुगे सुटले. एक भरकटत थेट नॉर्वेत उतरला.

पण फुगा वारा नेईल तिकडे जातो. बाहेरून नेम धरून पॅरिसमध्ये उतरणार कसे? उत्तरे आणण्याचे काम कबुतरांवर आले. फुग्यातून बाहेर नेलेली ही कबुतरे सोडली की घराकडे झेपावत. रने दाग्राँ या छायाचित्रकाराने संदेशांची पानेच्या पाने सूक्ष्म फिल्मवर उतरवली. बोटभर तुकड्यावर सुमारे तीन हजार संदेश मावत! सुरळी केलेली फिल्म नळीत घालून शेपटीच्या पिसाला बांधत. पॅरिसमध्ये ती पडद्यावर मोठी करून पाहत आणि कारकून एकेक संदेश हाताने उतरवत. थंडी, धुके, ससाणे यांच्यापायी बहुतेक कबुतरे पोचलीच नाहीत, म्हणून तोच संदेश अनेक कबुतरांबरोबर धाडला जाई. फुग्यांचे कौतुक फार झाले. माझ्या मते खरी करामत या फिल्मची.

पत्रे भरलेले जस्ताचे गोळे सीन नदीत सोडूनही पाहिले. वेढा असेपर्यंत एकही हाती लागला नाही. काही तर विसाव्या शतकात गाळातून निघाले.

स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटावरही टपाल असेच एकतर्फी होते. तिथले लोक लाकडी खेळण्यातल्या होडीत पत्र ठेवून वारा बघून ती समुद्रात सोडत. किनाऱ्यावर ज्याला सापडेल तो पुढे टपालात टाकी.

टोंगामधल्या निउआफोऊ बेटाला मात्र जाणे-येणे दोन्ही साधले. जहाजाला नांगर टाकायला जागा नव्हती, म्हणून पत्रे डब्यात बंद करून पाण्यात टाकत. बेटावरचे पोहणारे तो डबा आणत आणि इकडची पत्रे जहाजावर पोचवत. १९३१ मध्ये शार्कने एकाचा जीव घेतला, तेव्हापासून हे काम होड्यांकडे गेले.