मानेची हालचाल आणि हाताच्या नसांवरचा ताण

मान आणि पाठीचा वरचा भाग जसा हलेल तसा हाताच्या नसांवरचा ताण कमीजास्त होतो, फिजिओथेरपीत या विषयाला न्यूरोडायनॅमिक्स म्हणतात. आपल्याकडे 'शीर' हा शब्द कशालाही चालतो, पोटरीत गोळा आला तरी 'शिरेवर शीर चढली' आणि बोटांना मुंग्या आल्या तरी 'शीर दबली'. इथे नस म्हणजे फक्त मज्जातंतू.

मानेत मणके ७ पण नसांच्या जोड्या ८. त्यातल्या खालच्या ४ आणि छातीची पहिली मिळून ब्रेकियल प्लेक्सस नावाचं जाळं होतं, ते कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीच्या मधून काखेत उतरतं आणि पुढे मीडियन, अल्नर, रेडियल अशा नसा होऊन हातात जातं. मुद्दा हा की मानेपासून बोटापर्यंत दोरी एकच आहे. कोपर-मनगट दुमडलेलं असतं त्यापेक्षा दोन्ही पूर्ण ताठ केल्यावर मीडियन नसेची वाट जवळजवळ २० टक्के लांब होते, आणि हे सगळं नस ताणून भागत नाही, ती वाटेत सरकते. कुठे अडकली की मग ओढ बसते.

करून बघा. उजवा हात खांद्याच्या लेव्हलला बाजूला, कोपर सरळ, तळवा वर, बोटं जमिनीकडे. आता डोकं डावीकडे झुकवलं की ओढ वाढते, उजवीकडे झुकवलं की सैल पडते. हात तसूभर हलला नाही, तरी दुखणं बदललं, म्हणजे ते नुसत्या स्नायूचं नाही. ऑस्ट्रेलियातले फिजिओ रॉबर्ट एल्वी यांनी १९७०च्या दशकात अशी टेस्ट मांडली. ठणठणीत माणसालाही थोडी झिणझिण येतेच, म्हणून नेहमीचाच त्रास उठतो का आणि दोन हातांत फरक किती ते बघायचं.

पणजीत गिऱ्हाईक नसताना बाइकवर बसलेला पायलट, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाला, बघा, मोबाइल मांडीवर, मान खाली, पाठीला पोक, खांदे पुढे पडलेले. असं पोक आणून वाकून बसलं की पाठीच्या कण्यातली नळी लांब होते आणि आतली मज्जारज्जू, नसांची मुळं सगळी ताणावर येतात, त्यात पहिल्या बरगडीवरून चढणारं मूळ आधीच चिंचोळ्या जागेत. पाडेल्याचं, म्हणजे माडावरून नारळ पाडणाऱ्याचं, उलटं, माडावर नजर लावून मान मागे, तेव्हा मणक्यांमधल्या नसेच्या खिडक्या अरुंद होतात. पहिली ओढ, दुसरा चिमटा, दोन्हीला एकच व्यायाम कसा चालेल?

तरी लोक झिणझिणणारा हात जोर लावून ताणत बसतात, हे मला तरी पटत नाही. सशांच्या नसांवरच्या प्रयोगात ८ टक्के ताणावर रक्तपुरवठा कमी व्हायला लागला आणि १५ टक्क्यांच्या आसपास थांबला. म्हणून आधी 'स्लायडर' देतात: कोपर सरळ करताना डोकं त्याच हाताकडे, कोपर दुमडताना उलट्या बाजूला, एका टोकाला ओढ तर दुसऱ्या टोकाला ढील, नस जास्त सरकते आणि ताण कमी बसतो.

मानेतली नस दबलेल्या काहींना हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, घरचे विचारतात काय संकट आलं म्हणून, पण डॉक्टरला ही खूण कामाची. हातातून कप निसटायला लागला किंवा चालताना तोल जायला लागला तर मात्र व्यायाम बंद, सरळ डॉक्टर.